साठ डेसिबल

मरोळ गावठाणात, क्रूसाच्या मागच्या गल्लीत
एर्मेलिन किणींच्या घराची जी अर्धी पडवी
प्लाय ठोकून खोली म्हणून भाड्याने जाते
ती मी घेतली. साडेपाच हजार, लाईट वेगळी,
करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट पंधरा.
बाबांनी दोन हप्त्यांत पाठवलं
आणि पडवी म्हणजे नेमकं काय
हे एकदाही विचारलं नाही.

एवढ्यात मिळाली कशी? वर्गातल्या मुली म्हणाल्या.
एवढ्यातच मिळणार होती.
प्लायच्या पलीकडे टीव्ही होता.
सकाळी मिसा, दुपारी मालिका, रात्री बातम्या,
आवाजाची पट्टी कायम शेवटाला टेकलेली.
माझ्याआधी तिघी सोडून गेल्या होत्या.
भिंतीवर त्यांच्या चिकटपट्टीचे चौकोन,
फ्रिजमधल्या माझ्या कप्प्यावर कुणा 'तृप्ती'चं नाव.
ते मी गणपतीपर्यंत तसंच ठेवलं.
तृप्तीचं दही कोणी खात नव्हतं.

आतल्या खोलीत थोइबी आणि नफीसा.
गीझर दहा मिनिटं. मासळी चालेल, मित्र चालणार नाही.
थोइबीनं आंबवलेल्या मासळीची बरणी उघडली
की नफीसा खिडकी उघडायची.
मावशी मात्र टोपात डोकावायच्या:
"आमचा सुकट पण असाच वास मारतो गो."

मी ऑडिओलॉजी शिकते.
वरोऱ्याला आई सांगते, पोरगी कानाच्या मशिनी लावते.
तरी तीन महिने मला फक्त वैताग आला,
दुसरं काही सुचलंच नाही.
हाक मारली की मावशी आधी ओठ बघायच्या.
बेल वाजली की बॉस्कोकडे.
कुत्रा उठला की उठायच्या.

एका रविवारी सही करून कॉलेजचं यंत्र आणलं.
स्वयंपाकघराचं दार लावलं, फ्रिजही बंद केला.
आवाज आला की बोट वर करा, मावशी.
त्या पदर सारखा करून बसल्या, देवळात बसावं तशा.
बोट वर झालं नाही.
मी आकडा चढवत गेले. झालं नाही.
साठावर करंगळी जराशी हलली
आणि त्या हसल्या,
कुणी ओळखीचं लांबून येताना दिसावं तशा.

"रॉनीला नको सांगू."
रॉनी मस्कतला. बिल्डरचे कागद त्याच्या फायलीत.
"मना आयकू येत नाय कळलं
तर बोलेल, आता एकटी नको राहू."
तसे आम्ही तिघी होतो घरात.
भाडेकरू धरत नाहीत मोजताना.

मशीन नाताळनंतर आलं, ट्रस्टकडून, अर्ध्या किमतीत.
टीव्ही बावीसवर उतरला, मग अठरावर.
मला माझी खोली पहिल्यांदा ऐकू आली.
पंख्याचं कट् कट्, बॉस्कोची नखं फरशीवर,
आणि विमानं,
जी म्हणे रोजच होती.

चौथ्या दिवशी चहा गाळता गाळता
माझ्या ओठांकडे न बघता मावशी म्हणाल्या,
"रातचं एक वाजता कोण रडतं गो?"

नफीसानं थोइबीकडे पाहिलं.
थोइबीनं माझ्याकडे.
मला वाटायचं, बातम्यांच्या खाली
सात महिने काहीच कुणाला पोचलं नाही.
"मशीन सेट करावं लागेल मावशी," मी म्हटलं,
"नवीन आहे ना."
"कर," म्हणाल्या, आणि कान पुढे केला.
मी उगाच एक बटण दाबलं.

त्या रात्री एकच्या सुमारास
प्लायपलीकडे डबी मिटल्याची टिक् झाली,
मशीन आत ठेवल्याची.
मग टीव्ही लागला,
पट्टी शेवटाला टेकवून,
कुठलीतरी जुनी मॅच, सगळं स्टेडियम ओरडत होतं.

"आंटी!" आतून नफीसा किंचाळली.
"आंटी, एक वाजलाय!"

मावशींना अर्थातच ऐकू आलं नाही.